डॉमिनिकन रिपब्लिकची सहा वर्षांची यादवी: राष्ट्राध्यक्षच देश देऊन टाकायला निघाला तेव्हा

जुनीपाने

मंडळी, परकी सत्ता येते, लोक तिच्याशी लढतात आणि ती जाते, असे इतिहास आपण पुष्कळ वाचतो. डॉमिनिकन रिपब्लिकच्या इतिहासात मात्र मी एका जागी अडकून पडलोय.

हा देश १८४४ साली हैतीपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. १८६१ च्या मार्चमध्ये त्याच्याच राष्ट्राध्यक्षाने, जनरल पेद्रो सान्तानाने, तो पुन्हा स्पेनच्या राणीच्या हवाली केला. लोक उठले. १८६३ ते १८६५ अशी दोन वर्षं लढून त्यांनी स्पॅनिश फौज घालवली. त्या लढाईची राख अजून गरम असताना, २९ नोव्हेंबर १८६९ रोजी, दुसरा राष्ट्राध्यक्ष बुएनाव्हेंतुरा बाएझ याने तोच देश अमेरिकेत विलीन करण्याच्या करारावर सही केली. आत त्याच्याविरुद्ध यादवी चालूच होती, ती या करारानं आणखी भडकली. १८६८ ते १८७४ असा तिचा काळ. तिथले लोक तिला सहा वर्षांचं युद्ध म्हणतात.

माझा प्रश्न असा. रक्त सांडून मिळवलेला देश दहा वर्षांत दोनदा, तोही घरच्याच माणसांनी, का देऊन टाकावा? बाएझला गद्दार म्हणून विषय संपवता येतो, पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. आणि त्याच्याविरुद्ध कोण लढलं, कशासाठी लढलं, हेही मला समजून घ्यायचंय. ज्यांनी या भागाबद्दल वाचलंय त्यांनी जरूर लिहा.

वैदेही२२

छान विषय. आधी एक शंका: हा देश आणि वेस्ट इंडीजच्या संघात खेळाडू पाठवणारं डॉमिनिका एकच का?

जुनीपाने

नाही, वैदेही. डॉमिनिका हे पूर्वेकडचं छोटं, इंग्रजी बोलणारं बेट. आपण बोलतोय तो देश हिस्पानिओला या मोठ्या बेटावर आहे. बेटाचा पश्चिमेकडचा भाग हैती, पूर्वेकडचा डॉमिनिकन रिपब्लिक. भाषा स्पॅनिश, राजधानी सांतो दोमिंगो. आणि खेळ म्हणाल तर बेसबॉल. तिथे क्रिकेटवर गप्पा मारायला गेलात तर कोणी साथ देणार नाही.

सिंहगडरोड

धागा वाचताक्षणी दुसरा बाजीराव आठवला. होळकरांनी पुण्यात पराभव केल्यावर तो इंग्रजांकडे धावला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह करून बसला. त्याला राज्य बुडवायचं नव्हतं, गादी टिकवायची होती. घरातल्या शत्रूची भीती बाहेरच्या शत्रूपेक्षा मोठी वाटू लागली की माणूस कुठेही सही करतो. बाएझचं काही वेगळं झालं असेल असं वाटत नाही.

रानवाटा

सिंहगडरोड, पहिला भाग पटला. पण बाजीरावाने निदान फौज मागितली होती. बाएझने आधी पैसा मागितला. या यादवीच्या मुळाशी पैशाचा हिशेब आहे आणि तो पाहिल्याशिवाय बाएझ कळत नाही.

१८६८ च्या मे महिन्यात तो चौथ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. १८६९ साली त्याने लंडनच्या हार्टमाँट नावाच्या सावकाराशी ४,२०,००० पौंडांचं कर्ज ठरवलं. जामीन म्हणून जकातीचं उत्पन्न आणि बरंच काही लिहून दिलं. हार्टमाँटने लंडनच्या बाजारात रोखे काढले ते ७,५७,७०० पौंडांचे. सांतो दोमिंगोच्या तिजोरीत प्रत्यक्षात किती पोचले? ३८,०९५ पौंड. देशाने पुढे कित्येक वर्षं या कर्जाचं ओझं वाहिलं.

त्याच वर्षी अमेरिकेशी बोलणी. विलीनीकरण झालं तर अमेरिका १५ लाख डॉलर देणार, त्यातून देशाचं कर्ज फेडायचं. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेने रशियाकडून अलास्का ७२ लाखांना घेतला होता, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय सामाना उपसागर भाड्याने देण्याचा वेगळा करार होता, वर्षाला दीड लाख डॉलर. हा पहिला हप्ता अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचा खाजगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक याने करारासोबतच पोचवला: एक लाख रोख आणि पन्नास हजारांची शस्त्रं. ती शस्त्रं आणि तो पैसा बाएझने स्वतःच्याच देशबांधवांशी लढायला वापरला. त्यामुळे विलीनीकरणाची ही बोलणी यादवीला रसद पुरवत होती असं माझं स्पष्ट मत आहे.

वैदेही२२

बाप रे. ४,२०,००० मधले ३८,०००! सावकारी कुठेही गेलं तरी तीच.

आंबोलीकर

सामाना उपसागर हा या सगळ्याचा गाभा. नकाशा उघडून बेटाचा ईशान्य कोपरा बघा. लांब जिभेसारखा डोंगराळ भूभाग समुद्रात घुसलाय आणि त्याच्या दक्षिणेला खोल, वादळापासून सुरक्षित असं विस्तीर्ण पाणी. वाफेच्या जहाजांना तेव्हा कोळसा भरायला जागोजाग ठाणी लागत. कॅरिबियनमध्ये अमेरिकेचं असं एकही ठाणं नव्हतं. म्हणून अमेरिकी नौदलाची सामानावर कितीतरी वर्षं नजर होती.

आणि आता न आवडणारी गोष्ट. बाएझच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष होसे मारिया काब्राल, जो पुढे विलीनीकरणविरोधी युद्धाचा दक्षिणेतला मुख्य सेनानी झाला, त्यानेही सत्तेत असताना सामानाबद्दल अमेरिकेशी बोलणी केली होती. १८६७ च्या जानेवारीत अमेरिकेचा परराष्ट्र उपमंत्री फ्रेडरिक सीवर्ड ॲडमिरल पोर्टरला घेऊन त्यासाठी सांतो दोमिंगोला आला होता. ही बातमी फुटल्यानंच काब्रालविरुद्ध लोक भडकले आणि बाएझच्या पक्षाला मोकळं रान मिळालं. म्हणजे सामाना विकतो म्हणून काब्रालला घालवलं आणि आला तो अख्खा देश घेऊन बाजारात उभा राहिला.

सिंहगडरोड

आंबोलीकर, ही माहिती माझ्यासाठी नवी आहे. मग धाग्यात आपण ज्यांना देशभक्त म्हणतोय त्यांच्याबद्दलही जपूनच बोललं पाहिजे.

जुनीपाने

बरोबर. पण काब्राल आणि लुपेरोन यांना एका पारड्यात घालू नका.

तिथे दोन पक्ष होते, लाल आणि निळा. बाएझचे लोक लाल. निळ्यांमध्ये प्रामुख्यानं स्पेनविरुद्ध लढलेले सेनानी, आणि त्यांत ग्रेगोरियो लुपेरोन सगळ्यांत तेजस्वी. १८३९ साली उत्तर किनाऱ्यावरच्या प्वेर्तो प्लाता बंदरात अतिशय गरीब घरात जन्म. लहानपणी आईने केलेली मिठाई रस्त्यावर विकायचा. पुढे एका लाकूड व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि मालकाच्या घरातली पुस्तकं वाचून शिकला. स्पेनने देश गिळला तेव्हा हा बाविशीचा पोरगा होता. दोन वर्षांनी तो सेनापती झाला. त्याने सामाना कोणालाही देऊ केलं नाही, सत्तेत नसताना नाही आणि सत्तेत आल्यावरही नाही.

दोन्ही पक्षांना भूगोलाचाही आधार होता. उत्तरेकडचा सिबाओ हा तंबाखूचा सुपीक प्रदेश, सांतियागो हे त्याचं मुख्य शहर. तिथला छोटा शेतकरी तंबाखू पिकवायचा आणि तो प्वेर्तो प्लातावरून हँबुर्ग, ब्रेमेनला जायचा. दक्षिणेत मोठी गुरांची कुरणं आणि महोगनी तोडणारे जमीनमालक. बाएझ दक्षिणेतला. १८५७ साली त्याने भरमसाट कागदी नोटा छापून सिबाओच्या शेतकऱ्यांचा तंबाखू खरेदी केला. नोटांची किंमत कोसळली, तंबाखू गेला, हातात कागद राहिले. सांतियागोत बंड झालं ते त्यावरून. त्यामुळे बाएझबद्दल सिबाओच्या मनात जुनी अढी होती, ती विलीनीकरणाच्या कितीतरी आधीची.

म्हापशेकार

मी गोंयचो, म्हणून मला यातला मतदानाचा भाग जास्त भिडला. करार झाल्यावर बाएझने फेब्रुवारी १८७० मध्ये सार्वमत घेतलं. निकाल काय? विलीनीकरणाच्या बाजूने १५,१६९, विरोधात ११.

आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं. फूल आणि दोन पानं अशी चिन्हं. १,७२,१९१ लोकांनी वेगळं राहायचं म्हटलं, १,३८,१७० लोकांनी विलीनीकरण मागितलं. घराघरात भांडणं झाली, भाऊ भावाशी बोलेना. मगो पक्षाचं सरकार विलीनीकरणाच्या बाजूचं होतं, तरी मतदानाआधी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी राजीनामा दिला, म्हणजे सत्तेचा दबाव राहू नये. लोकांना खरोखर विचारलं की आकडे असे येतात, जवळजवळचे, दोन्ही बाजूंना दुखावणारे. पंधरा हजाराला अकरा हा लोकांनी दिलेला कौल असूच शकत नाही.

वैदेही२२

मला त्या अकरा जणांबद्दल जाणून घ्यायचंय. कसले धीराचे असतील!

शिरीष_अण्णा

वैदेही, त्या अकरांत लुपेरोन नव्हता एवढं नक्की. तो तेव्हा देशाबाहेरून युद्ध चालवत होता. नाहीतर बारा झाले असते.

रानवाटा

म्हापशेकार, तुमची तुलना चपखल आहे. अमेरिकेचा तिथला व्यापारी प्रतिनिधी रेमंड पेरी याने स्वतः करारावर अमेरिकेच्या वतीने सही केली होती. पण पुढे त्यानेच सिनेटच्या चौकशीत बाएझने विरोधकांना दिलेल्या धमक्यांबद्दल सांगितलं. त्याच चौकशीत डेव्हिस हॅच नावाच्या अमेरिकी माणसाचं प्रकरण बाहेर आलं. हा मिठाच्या धंद्यातला व्यापारी विलीनीकरणाच्या विरोधात होता. बाएझने त्याला तुरुंगात टाकलं आणि बाहेर जाऊन करारात मोडता घालेल म्हणून महिनोन्‌महिने सोडलं नाही.

शांताराम_काका

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी बाएझचा वकील नाही, पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा.

तुमचा देश जेमतेम दीड लाख वस्तीचा. शेजारी हैती, तुमच्याहून कितीतरी जास्त वस्तीचा, ज्याने तुमच्यावर बावीस वर्षं राज्य केलंय आणि स्वातंत्र्यानंतरही १८५६ पर्यंत पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्यात. तिजोरी रिकामी. रस्ते नाहीत, शाळा नाहीत. दर दोन वर्षांनी कोणीतरी जनरल शे-दोनशे माणसं घेऊन राजधानीवर चालून येतो. १८६५ साली स्पेन गेल्यापासून बाएझ येईपर्यंतच्या तीन वर्षांत किती सरकारं आली आणि गेली ते मोजा. अशा देशातल्या माणसाला, अगदी प्रामाणिक माणसालाही, वाटू शकतं की मोठ्या देशाचा भाग झालो तर निदान शांतता मिळेल.

आणि हे केवळ बाएझला वाटत नव्हतं. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, काळ्या अमेरिकी लोकांचा सर्वांत मोठा नेता, तो विलीनीकरणाच्या बाजूने होता. त्याचं म्हणणं, अमेरिकेत आता गुलामगिरी संपलीय, काळ्यांना मताधिकार मिळालाय, मग या लोकांनी बरोबरीचं राज्य म्हणून का येऊ नये? डग्लसला गद्दार म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

नागपुरी_संत्रा

शांतारामकाका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण याला उत्तर द्यायलाच हवं.

भीती खरी होती, मान्य. पण त्या भीतीचा इलाज म्हणून हाच प्रयोग नुकताच एकदा करून झाला होता ना! सान्तानाने १८६१ मध्ये हेच सांगितलं होतं: स्पेन आला की हैतीची भीती गेली, पैसा आला, शांतता आली. आलं काय? स्पॅनिश अधिकारी आले आणि चांगल्या जागा त्यांना गेल्या. डॉमिनिकन सैनिकांनाही दुय्यम दर्जा मिळाला. लष्कराला सामान वाहायला शेतकऱ्यांचे घोडे आणि खेचरं जप्त होऊ लागली, मोबदला मिळायचा नाही. तंबाखूच्या गोण्या बंदराला पोचवायच्या तर जनावर हवं, आणि ते तर सरकारच्या छावणीत. नवा आर्चबिशप मोन्सोन आला, त्याने वर्षानुवर्षं बिनलग्नाच्या संसारात राहणाऱ्या जोडप्यांच्या मागे चर्चच्या विवाहाचा लकडा लावला. प्रॉटेस्टंट प्रार्थनाघरांवर बंदी आली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: बाजूच्या क्यूबात आणि प्वेर्तो रिकोत स्पेनने गुलामगिरी चालू ठेवली होती. सांतो दोमिंगोत ती १८२२ सालीच गेलेली. काळ्या आणि मिश्र वंशाच्या शेतकऱ्याला रात्री झोप कशी लागणार?

१६ ऑगस्ट १८६३ ला कापोतियोच्या टेकडीवर झेंडा उभारला गेला तो या सगळ्यामुळे. सप्टेंबरात सांतियागो शहर जळून खाक झालं. स्पेनचे हजारो सैनिक मेले, गोळ्यांपेक्षा पिवळ्या तापानं जास्त. अखेर ३ मार्च १८६५ ला राणी इसाबेलने विलीनीकरण रद्द केलं. हे सारं पाहिलेल्या लोकांना चारच वर्षांत पुन्हा सांगायचं की आता दुसरा मालक करू, यात प्रामाणिकपणा कुठे उरतो?

आणि एक राहिलंच. ही लढाई चालू असताना बाएझ कुठे होता? युरोपात. स्पेनने त्याला फील्ड मार्शलचा हुद्दा दिला होता.

सिंहगडरोड

फील्ड मार्शल?? शत्रूच्या फौजेत? आणि त्यानंतरही लोकांनी त्याला दोनदा राष्ट्राध्यक्ष होऊ दिलं?

नागपुरी_संत्रा

होय. १८६५ च्या अखेरीस एकदा, १८६८ मध्ये पुन्हा, आणि १८७६ मध्ये आणखी एकदा. एकूण पाच वेळा. म्हणून जुनीपानेंचा प्रश्न अवघड आहे. त्याच्यामागे खरी माणसं होती. दक्षिणेतले लोक त्याला आपला मानत. त्याची आई गुलामगिरीतून सुटलेली होती, तो माणसांशी गोड बोलायचा, नावं लक्षात ठेवायचा. स्पॅनिश लष्कराशी हातमिळवणी हा त्याच्या लोकांच्या लेखी दूरचा मामला होता.

हडसनकाठ

मी न्यूयॉर्कला राहतो. इथे मॅनहॅटनमध्ये कनाल स्ट्रीटजवळ त्यांचा राष्ट्रपिता हुआन पाब्लो दुआर्ते याचा पुतळा आहे आणि वॉशिंग्टन हाइट्सचा भाग डॉमिनिकन लोकांनी गजबजलेला. त्यांच्याकडे २७ फेब्रुवारी आणि १६ ऑगस्ट दोन्ही दिवस साजरे होतात. म्हणजे हैतीपासूनचं स्वातंत्र्य आणि स्पेनविरुद्धचा उठाव. स्पेन हरला तो दिवस आहे, पण अमेरिकेचा डाव फसला त्याचा दिवस नाही. मला त्याचं कारण असं वाटतं की तो डाव शेवटी वॉशिंग्टनमध्येही फसला, फक्त डॉमिनिकन रणांगणावर नाही.

त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २ जानेवारी १८७० च्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष ग्रँट व्हाइट हाउसमधून निघून लाफायेट चौक ओलांडून सिनेटर चार्ल्स समनरच्या घरी गेले. आगाऊ निरोप नाही. समनर परराष्ट्र समितीचा अध्यक्ष, त्याच्याशिवाय करार मंजूर होणं अशक्य. तो पाहुण्यांबरोबर जेवायला बसला होता. ग्रँटने तिथेच विषय काढला. समनर जे काही बोलला त्याचा अर्थ ग्रँटने पाठिंबा असा घेतला. समनरच्या मते त्याने फक्त विचार करायचं कबूल केलं होतं. या एका भेटीवरून दोघांचं वैर झालं ते मरेपर्यंत.

समनर हा गुलामगिरीविरोधातला जुना लढवय्या. त्याचं म्हणणं असं की हे बेट काळ्या माणसांचं आहे, त्यांनी ते रक्त देऊन मिळवलंय, आणि आपलं नौदल तिथे एका हुकूमशहाला सांभाळतंय. ३० जून १८७० ला मतदान झालं. २८ विरुद्ध २८. दोन-तृतीयांश हवे होते, करार पडला. समनरबरोबर विरोधात मत देणाऱ्यांमध्ये असेही होते ज्यांना उष्ण प्रदेशातली काळी माणसं अमेरिकेचे नागरिक व्हायला नको होती. एकाच पारड्यात दोन टोकाची मतं पडली होती.

शांताराम_काका

हडसनकाठ, ही भेटीची गोष्ट मस्त सांगितलीत. पण समनर सिनेटमध्ये बोलला त्याने डॉमिनिकन शेतकऱ्याच्या पोटात काय पडलं, हा माझा प्रश्न कायम.

हडसनकाठ

काका, डग्लसबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा पुढचा भागही सांगतो. करार पडल्यावर ग्रँटने १८७१ मध्ये तीन जणांचा आयोग सांतो दोमिंगोला पाठवला: बेंजामिन वेड, अँड्र्यू व्हाइट आणि सॅम्युएल हाउ. डग्लस त्यांच्याबरोबर साहाय्यक सचिव म्हणून गेला. सामानाला त्यांना अमेरिकेतून १८२४-२५ साली येऊन वसलेल्या काळ्या लोकांची वस्ती भेटली, अजून इंग्रजी बोलणारी, आपलं मेथडिस्ट चर्च राखून असलेली. आयोगाने विलीनीकरणाच्या बाजूने अहवाल दिला.

परतताना पोटोमॅक नदीवरच्या टपालबोटीत डग्लसला जेवणाच्या दालनात बसू दिलं नाही, रंगामुळे. आयोगाच्या सदस्यांना नंतर ग्रँटने व्हाइट हाउसला जेवायला बोलावलं, डग्लसला बोलावणं नव्हतं. ज्या देशात बरोबरीने सामील व्हा असं तो डॉमिनिकन लोकांना सांगत होता, त्या देशाने त्याच प्रवासात त्याला हे दाखवलं. डग्लसने मत बदललं नाही. तरीही त्या शेतकऱ्यांच्या वाट्याला काय आलं असतं याचा अंदाज मला या प्रसंगातून येतो.

वैदेही२२

हे वाचून वाईट वाटलं. खरंच.

शिरीष_अण्णा

थोडं अवांतर. माक्सिमो गोमेझ हे नाव कोणी ऐकलंय का? क्यूबाच्या स्वातंत्र्यसेनेचा सरसेनापती. हा मूळचा डॉमिनिकन, बानी गावचा. स्पेन-विरोधी युद्धात तो स्पेनच्या बाजूने लढला! १८६५ साली स्पॅनिश फौजेबरोबर क्यूबाला गेला. तिथे ऊसमळ्यांवरची गुलामगिरी डोळ्यांनी पाहिली आणि तीन वर्षांत स्पेनविरुद्ध शस्त्र उचललं. पुढची तीस वर्षं तो स्पेनशी लढत राहिला. माणसाला कुठल्या बाजूचा म्हणायचं ते त्याच्या आयुष्यात कुठे थांबून बघतो त्यावर आहे.

सिंहगडरोड

अण्णा, गोमेझवर वेगळा धागा काढा. इथेच चर्चा लांबली तर मूळ विषय राहील बाजूला.

आंबोलीकर

मूळ विषयाकडे येतो. प्रत्यक्ष युद्ध कसं झालं यावर अजून कोणी लिहिलं नाही.

त्यात मोठ्या लढाया कमी आणि दमछाक जास्त. काब्राल नैऋत्येच्या डोंगरात, हैतीच्या सरहद्दीला लागून, सान हुआन आणि नेइबाच्या बाजूला. गनिमी कावा म्हणजे नेमका काय ते आपल्याला समजावून सांगायला नको. बाएझचं सैन्य आलं की सरहद्दीपलीकडे, गेलं की परत. आणि गंमत बघा, शांतारामकाका ज्या हैतीच्या भीतीबद्दल बोलले, त्या हैतीनेच निळ्यांना आसरा दिला. आधी हैतीत बाएझचा मित्र साल्नाव्ह सत्तेवर होता. १८७० च्या जानेवारीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या आणि निसाझ साजे आला. तो काब्राल-लुपेरोनच्या बाजूचा. कारण साधं होतं: बेटाच्या पूर्वेला अमेरिका आली तर पुढची पाळी हैतीची. लगेच फेब्रुवारीत अमेरिकेचा ॲडमिरल पुअर युद्धनौका घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला गेला आणि बाएझच्या सरकारवर हल्ला केलात तर तो आमच्यावरचा हल्ला समजू असं हैतीला बजावून आला. करार अजून सिनेटने मंजूरही केला नव्हता! समनरने पुढे नेमकं हेच प्रकरण लावून धरलं.

उत्तरेत लुपेरोनने कर्ज काढून ‘तेलेग्राफो’ नावाची आगबोट मिळवली आणि १८६९ च्या उन्हाळ्यात तिच्यावर तोफा चढवून उत्तर किनाऱ्यावर हल्ले केले. काही काळ सामानालाच ठाण मांडलं. बाएझने तिला चाचेगिरीची बोट जाहीर केलं आणि अमेरिकी नौदलाला तिला धरायचे हुकूम सुटले. एका बोटीच्या जिवावर हा पंचवीस-तिशीतला सेनापती एका महासत्तेच्या आरमाराशी लपंडाव खेळत होता. मोहीम फसली, पण आत एवढा विरोध आहे हे जगाला कळलं. लाल बाजू म्हणत होती की सगळा देश एकमताने येतोय. ती बोट त्याचं उत्तर होती.

रानवाटा

आंबोलीकर, लुपेरोनच्या १८७१ च्या मोहिमेबद्दलही लिहा. त्यात मानुएल रोद्रिगेस ओब्हियो पकडला गेला. कवी, स्पेनविरोधी युद्धातला सैनिक, लुपेरोनचा चरित्रकार. हैतीतून सरहद्द ओलांडून आलेल्या तुकडीत तो होता. पकडून राजधानीत आणला. त्याच्यासाठी अनेकांनी रदबदली केली. बाएझने ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७१ ला त्याला गोळ्या घातल्या. वय तिशीच्या थोडं पुढे. बाएझच्या बाजूने बोलताना शांतता, रस्ते, शाळा हे शब्द येतात, तेव्हा मला हा कवी आठवतो.

शांताराम_काका

रानवाटा, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही. माझा मुद्दा एवढाच आहे की लालांच्या मागे गेलेला साधा शेतकरी मूर्ख किंवा विकाऊ नव्हता. तो दमलेला होता.

नागपुरी_संत्रा

हे मात्र शंभर टक्के मान्य, काका.

म्हापशेकार

शेवट काय झाला? बाएझ गेला कसा?

आंबोलीकर

करार पडल्यावरही त्याने हार मानली नाही. १८७२ च्या डिसेंबरात सामाना उपसागर अमेरिकी भांडवलदारांच्या एका कंपनीला भाड्याने दिला, वर्षाला तेच दीड लाख डॉलर. कंपनीला तिथे स्वतःचे पोलीस आणि कारभारही चालवता येणार होता. पण तोवर त्याचे स्वतःचे लोक वैतागले होते. नोव्हेंबर १८७३ मध्ये प्वेर्तो प्लाताचा गव्हर्नर इग्नासियो मारिया गोन्सालेस याने बंड केलं. तो लालांपैकीच. बाएझला जानेवारी १८७४ च्या सुरुवातीला पायउतार व्हावं लागलं. नव्या सरकारने वर्ष संपायच्या आत कंपनीचा करार रद्द केला, कारण कंपनीने भाडंच भरलं नव्हतं.

सिंहगडरोड

म्हणजे निळे लढले सहा वर्षं, आणि पाडलं लालांनीच?

जुनीपाने

सिंहगडरोड, पाडलं लालांनी हे खरं, पण सहा वर्षांत बाएझची तिजोरी, फौज आणि अब्रू कोणी झिजवली? निळ्यांनी जमीन धरून ठेवली नसती तर सिनेटमधल्या समनरच्या हातात पुरावाच नसता. तिथे विरोध आहे, युद्ध चालू आहे, पंधरा हजाराला अकरा हे खोटं आहे, हे तो कशाच्या आधारावर म्हणाला असता? वॉशिंग्टनमधलं मतदान आणि नैऋत्येचे डोंगर यांना वेगळं करता येत नाही असं माझं मत झालंय. हडसनकाठ यांच्याशी माझा एवढाच मतभेद.

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाबद्दल. सान्ताना आणि बाएझ या दोघांनी देशाला कधी लोकांचा देश मानलं नाही. सान्तानाने १८६१ मध्ये गावोगावच्या मोजक्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, बाएझने १८७० मध्ये धमकावून मतं घेतली. दोघांनाही वाटत होतं की देश म्हणजे राजधानीतली गादी आणि ती कोणाच्या पायाशी ठेवायची हे आपण ठरवू. शेतकऱ्याला मात्र स्पेनच्या दोन वर्षांच्या लढाईत कळून चुकलं होतं की देश गेला की सगळ्यांत आधी त्याचं खेचर जातं. म्हणून तो काब्रालच्या मागे डोंगरात गेला, काब्रालने सामानाबद्दल काय बोलणी केली होती याची पर्वा न करता.

शिरीष_अण्णा

हे पटलं. पण मग लुपेरोनच्या हाताखाली वाढलेल्या उलिसेस एउरोचं काय? तो निळाच, याच युद्धात नाव कमावलं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यानेही सामाना अमेरिकेला देऊ केलं. न्यूयॉर्कच्या एका कंपनीच्या हातात जकात दिली. १८९९ साली मोका गावात त्याचा खून झाला तेव्हा देश कर्जात बुडालेला होता.

जुनीपाने

अण्णा, त्याच्याबद्दल लिहिणारच आहे. लुपेरोनने त्याला मुलासारखं वाढवलं आणि अखेर त्याच्याचमुळे लुपेरोनला परागंदा व्हावं लागलं. त्यासाठी १९०७ चा जकात करार आणि १९१६ चा अमेरिकी ताबा इथपर्यंत जावं लागेल, या धाग्यात ते मावणार नाही. पुढच्या आठवड्यात स्वतंत्र धागा काढतो. रानवाटा, हार्टमाँटच्या कर्जाचं पुढे काय झालं ते तुम्ही तिथे लिहाल का? तुमच्याइतका हिशेबाचा भाग मला जमणार नाही.

रानवाटा

नक्की. एउरोच्या काळात त्या कर्जाचं नवं कर्ज कसं झालं तिथपासून सुरू करतो.